खिडकीबाहेरचा एप्रिल

मी एक जुनी झरणी आहे. तुम्ही मला फाउंटन पेन म्हणता, तेही चालेल. माझा जन्म जपानमधल्या नागोयाचा, राहणं मात्र न्यूझीलंडमध्ये, लोअर हटच्या एका घरात. अंगात थोडा तोरा आहे, तेवढा सांभाळून घ्या.

सुलभा पुण्याहून नोकरीसाठी नागोयाला आली, तेव्हा हारुकोसान तिच्या घरमालकीण होत्या. पुढे ती न्यूझीलंडला निघाली, तेव्हा निरोप देताना त्यांनी मला तिच्या हातात ठेवलं आणि पत्राची रीत शिकवली. थोरांना लिहायचं तर आधी 'हाइकेइ', आपल्या साष्टांग नमस्कारासारखं. मग ऋतूचं वर्णन, तब्येतीची चौकशी, आणि मग मुद्दा. मैत्रिणीला नुसतं 'गेन्की?' म्हणजे 'काय गं, बरी आहेस ना?' एवढं पुरतं.

सुलभा पडली पुणेरी, रीत म्हणजे रीत. लोअर हटला आल्यावरही ती नमुना-पत्रांचं पुस्तक उघडून हारुकोसानना लिहायची. एप्रिल आला की साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा बहर. मी कागदावर डुलत चालायची आणि शाई वाळेपर्यंत गुलाबी स्वप्नं बघायची. एकदा तिचा नवरा मकरंद मागून डोकावला.

"अगं, बाहेर पानगळ लागलीय आणि तू बहर कसला लिहितेस?"

"पुस्तकात एप्रिलला हेच दिलंय. मोठ्यांना मनाला येईल तसं लिहितात का?"

हळूहळू हारुकोसानची उत्तरं आखडत गेली, मग थांबलीच. त्या एकट्या, फोन वापरत नाहीत. पत्र हाच एक धागा होता. "माझं काही चुकलं असेल का रे?" सुलभा मकरंदला विचारत राहायची. शेवटी तिने मला ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं, चार्जर आणि जुन्या बॅटऱ्यांच्या गर्दीत. मला फार वाईट वाटलं. पण रडायलाही शाई लागते, आणि माझी तर वाळून गेली होती.

बऱ्याच दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं. सुलभाने ते ओट्यापाशी उभ्यानेच मकरंदला वाचून दाखवलं. "तुझी पत्रं फार सुंदर असतात. पण त्यांत मला माझीच खिडकी दिसते. वाटलं, आता तू केवळ रीत म्हणून लिहितेस. तुझ्या खिडकीतून काय दिसतं, सुलभा?"

सुलभा खाली बसली आणि रडली. मग तिने मला कोमट पाण्यात बुडवलं. पाणी निळं होत गेलं, आणि मला हळूहळू जाग आली.

या वेळी पुस्तक कपाटातच राहिलं. 'हाइकेइ' तिने लिहिलंच, पण त्याखाली लिहिलं, "एप्रिल आहे. इथे पानं पिवळी झालीत. आज स्टेशनवर वाऱ्याने माझी छत्री उलटी केली. तुम्ही असता तर हसला असता. तुमची फार आठवण येते."

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी झरणी कोरडी पडली असेल, तर तिला कोमट पाणी दाखवा. नमस्कारात कसूर करू नका, पण त्याखाली आपल्या खिडकीबाहेरचं लिहा. पलीकडे कुणीतरी तुम्हाला शोधत असतं.

काल हारुकोसानचं उत्तर आलं. ऋतूचं वर्णन नव्हतं, तब्येतीची चौकशी नव्हती. कार्डाच्या मधोमध, थरथरत्या अक्षरात, एवढंच होतं: 'गेन्की?'