चव्वेचाळीस किलो

चुनाभट्टीच्या वजनकाट्यापाशी उभं राहून राहून आत्याचे केस पांढरे झाले होते. निम्मे वयानं, निम्मे चुन्यानं. शंभर किलो दगड आत जायचा, जेमतेम छप्पन्न किलो चुना बाहेर यायचा. बाकीचा आगीनं गिळला, एवढंच तिला ठाऊक.

दुपारी भाची पोत्यांवर बसून समीकरणं जुळवत होती.

"बाणाच्या अलीकडे जेवढं, तेवढंच पलीकडे हवं गं आत्या. दगडाचा चुना झाला, पण माझा एक कार्बन नि दोन ऑक्सिजन हरवलेत."

"जळाले असतील मेले."

"जळून काही नाहीसं होत नाही! थांब... सापडले. कार्बन डायऑक्साइड. शंभरातले चव्वेचाळीस किलो वायू होऊन जातात."

"वर, धुरासंगं?"

"थोडा वर. पण निवला की हवेहून जड. पाण्यासारखा खड्ड्यात साचतो. रंग नाही, वास नाही. त्यात कुणी निजलं तर..."

पेन्सिल थांबली. भट्टीच्या पायथ्याशी चुना काढायचा खड्डा होता. सात वर्षांपूर्वी भाचीचा बाप तिथं निजला, तो निजलाच. पिऊन पडला, असं मुकादम म्हणाला. मग सगळेच म्हणाले. तेव्हापासून आत्याला त्या खड्ड्यातून श्वास ऐकू यायचा. घेतलेला. सोडलेला कधीच नाही.

भाचीनं कंदील पेटवला, दोरीला बांधला, खड्ड्यात सोडला. कमरेइतका खाली गेला आणि ज्योत चिमटीत धरल्यासारखी विझली. पुन्हा पेटवला. पुन्हा विझली.

"बाबा प्यायले नव्हते!" भाची रडता रडता हसली. तिनं आत्याचा हात घट्ट धरला. "चल, मुकादमाच्या तोंडावर सांगू. आजीला सांगू."

आत्या हलली नाही. त्या पहाटे भाऊ तापानं फणफणून काट्यापाशी आला होता. तीच म्हणाली होती, "कुडकुडतोस काय असा? खड्ड्यात ऊब आहे, पड जा घटकाभर. मी उठवते." मग गाड्यांची रांग लागली. आणि दारूचं नाव निघालं, तेव्हा तिनं ते निघू दिलं.

आता गप्प राहिली असती, तर कुणाला कळणार होतं?

खड्ड्यात श्वास घेतला गेला.

"बस बाळा," ती म्हणाली. "त्याला तिथं कुणी पाठवलं, ते राहिलंय."

"कुणी?"

भाचीचा हात अजून तिच्या हातात होता. तो सुटणार, हे धरूनच आत्या बोलायला लागली.