पाट्टी

सेलमजवळच्या एका खेड्यात शिकवायला लागून करुणाला वर्ष होत आलं होतं. बारामतीत बी.एड. झाल्यावर एका संस्थेतर्फे ती बिनपगारी शिक्षिका म्हणून तिकडं गेली, तेव्हा तिच्या आजीनं, आक्काबाईनं, निरवांगी गावभर सांगितलं होतं, "आमची करुणा मद्रासाकडं मास्तरीण झालीया."

तिकडं करुणा पुष्कळ शिकली. केळीच्या पानावरचं पातळ रस्सम ओघळू न देता भाताबरोबर उचलायचं, पेल्याला ओठ न लावता पाणी प्यायचं. आणखीही एक गोष्ट तिला तिथं कळली. तिच्या आडनावावरून त्या गावात कुणालाच काही उमगत नव्हतं.

ती राहायची कामाक्षीअम्मांच्या घरी. पहिल्याच आठवड्यात अम्मांनी विचारलं, "तुम्ही कोण लोक?"

"मराठी," करुणा म्हणाली. अम्मांनी त्याचा त्यांना हवा तो अर्थ लावला आणि करुणानं लावू दिला. अम्मांनी तिला जीव लावला. तापात तिच्या उशाशी बसून राहिल्या. पण गावाबाहेरच्या वस्तीतली करुणाच्याच वर्गातली पोरं मागच्या दारी पाणी मागायला आली, की याच अम्मा त्यांच्या ओंजळीत लांबून पाणी ओतायच्या. करुणा ते आतून बघायची. तिच्या हातात घरातला पेला असायचा.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात ती सुट्टीला आली आणि मागोमाग अम्मांचा फोन आला. फोन बारामतीला श्यामलाकडं आला, कारण करुणानं नंबर तिचाच दिला होता. श्यामला तिची कॉलेजची मैत्रीण. तिचा नवरा आनंद प्राध्यापक, घर ऐसपैस. अम्मा आणि त्यांचे यजमान शिर्डीला निघाले होते. वाटेत करुणाचं घर बघून जायचं म्हणत होते.

करुणाच्या डोळ्यांपुढं निरवांगीचं घर आलं. दारातून आत पाऊल टाकलं की समोरच बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. तिनं अम्मांना श्यामलाच्याच घरी बोलावलं, घर कुणाचं ते न सांगता. श्यामलाला म्हणाली, "गाव आडबाजूला, त्यांना एसटीचे हाल नकोत." घरीही तेच सांगितलं. श्यामलानं तिच्याकडं जरा निरखून पाहिलं.

अम्मा आल्या. सोफ्यावर बसून कॉफी झाली, मग जेवणं झाली. निघायची वेळ झाली तशी फाटक वाजलं. दारात आक्काबाई उभी. इस्त्रीचं लुगडं, काखेत कापडात बांधलेला डबा.

"जय भीम, बाई," तिनं अम्मांना हात जोडले.

"काय म्हणतात या?" अम्मांनी तमिळमध्ये विचारलं.

"नमस्कार म्हणतात," करुणा म्हणाली.

आक्काबाई करुणाकडं वळली. "त्यास्नी सांग, माज्या नातीला वरीसभर पोटच्या पोरीवानी संबाळलं, म्हनून शेंगाच्या पोळ्या आनल्यात. वाटंत खावा म्हनावं."

करुणा अम्मांकडं वळली. "आमच्या गावच्या आहेत," ती तमिळमध्ये म्हणाली. "तुम्हाला पोळ्या आणल्यात."

त्यात ओळखीचा शब्द काही आला नाही, म्हणून आक्काबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग हसून स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "पाट्टी," ती म्हणाली. "मी. पाट्टी."

तमिळमध्ये पाट्टी म्हणजे आजी. हा शब्द दिवाळीच्या सुट्टीत करुणानंच तिला शिकवला होता. पण तिकडं कुठल्याही म्हातारीला पाट्टीच म्हणतात. अम्मांना कौतुक वाटलं. "वांग पाट्टी, वांग," म्हणत त्यांनी डबा घेतला. एवढंच. 'या आजी, या', कुठल्याही म्हातारीला म्हणावं तसं.

आक्काबाई करुणाच्या तोंडाकडं बघत उभी होती. आता ही सांगेल, मग सांगेल. करुणानं कपबश्या उचलल्या आणि ती स्वयंपाकघरात गेली. बाहेर येईपर्यंत आक्काबाई निघून गेली होती. श्यामला हळू आवाजात म्हणाली, "थांब म्हटलं त्यांना. गाडी चुकेल म्हणाल्या."

स्टँडवर नगरची एसटी लागली. अम्मा खिडकीशी बसल्या, डबा मांडीवर. करुणा खाली उभी होती. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तशी तिनं खिडकीचा गज धरला.

"अम्मा, मघाशी आली होती ना, ती माझी सख्खी आजी. ते घर माझं नाही. आणि तुम्ही मागच्या दारी पाणी ओतता ना, त्या पोरांसारखेच आम्ही."

"वर्षभर माझ्या स्वयंपाकघरात..." अम्मा म्हणाल्या. यजमानांनी काय झालं म्हणून विचारलं, तर त्यांनी तोंड समोर फिरवलं. डबा मांडीवर तसाच होता. गाडी गेली.

करुणा निरवांगीला पोचली तेव्हा आक्काबाई अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसली होती.

"गेली का तुजी अम्मा?"

"गेली. आज्जी, मी सांगितलं तिला. तू माझी सख्खी आजी म्हणून. आपण कोण, तेही."

"कवा?"

"गाडी सुटताना."

आक्काबाईनं देठ खुडला. "म्हंजी मी न्हवते तवा."

आजीला सांगितल्यावर मन हलकं होईल, असं करुणा गाडीत बसल्यापासून स्वतःला बजावत आली होती. आता तिला आजीकडं मान वर करून बघवेना.

"दीक्षा घेतली तवा तुजा बा माज्या कडंवर हुता," आक्काबाई म्हणाली. "देव्हाऱ्यातलं देव मी ह्या हातानं नदीत सोडलं. भावकी भ्याली, गाव काय म्हनंल म्हनून. मी न्हाय भ्याले. आन आज माज्या नातीच्या म्होरं मी कुनाचीच न्हवते."

करुणा रडू लागली. आक्काबाईनं तिला जवळ घेतलं नाही. देठ खुडतच विचारलं, "जूनमदी जानार हाईस का माघारी?"

"जाणार."

"ऱ्हानार कुठं?"

"त्या पोरांच्या वस्तीत बघते खोली."

आक्काबाईनं सूप तिच्याकडं सरकवलं. करुणा खाली बसून देठ खुडू लागली, आणि गाल पुसायला तिचा हात वर गेला.

"डोळ्याला हात लावू नगंस," आक्काबाई म्हणाली. "झोंबंल."