निसण

“बाई, निसण जरा धरता का?”

रंगाऱ्याच्या तोंडून निघून गेलं, आणि त्याने जीभ चावली. जिन्यावरचा कोपरा उंच, फरशी गुळगुळीत. शिडी धरायला कुणीतरी हवंच होतं. घरात बाई एकट्याच. शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेल्या. हातातला चहाचा कप कठड्यावर ठेवून त्या पुढे आल्या.

“काय म्हणालात?”

“शिडी हो, शिडी. तोंडात बसलाय शब्द. आमच्या हिचा. तिच्या माहेरी असंच म्हणायचे.”

“घेऊन यायचं ना त्यांनाही.”

“गेली ती. मागच्या वर्षी.”

बाईंनी खालच्या पायरीवर पाय रोवला आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. तो वर चढला.

इतकी वर्षं खाली ती असायची. रंग कालवायचा, पोपडे खरवडायचे आणि शिडी धरायची. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. बरोबरचे कारागीर चेष्टा करायचे, “वहिनी, शिडी म्हणा शिडी!” ती ठसक्यात सांगायची, “निसण म्हटलंत तर मी धरीन. शिडी तुमची तुम्ही धरा.” आता तो एकटाच कामं घ्यायचा. पाणी द्या, खिडकी उघडा, एवढंच काय ते दिवसाचं बोलणं.

“फार जुना शब्द आहे हो,” खालून बाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी वर्ग मिळाल्यासारखा त्यांचा आवाज खुलला होता. “संस्कृतात निश्रयणी. श्रि म्हणजे टेकणं, आधार घेणं. आश्रय शब्द त्यातलाच. जी टेकून उभी राहते, ती निसण.”

“म्हणजे भिंत नसली तर नुसतीच लाकडं.”

बाई हसल्या. “तसंच म्हणा.”

“आणि शिडी?”

“तिच्या कुळाबद्दल पंडितांचं एकमत नाही. तुमच्या बायकोचा शब्द मात्र खानदानी.”

रंगाऱ्याला हसू आलं. हे ऐकून ती आठवडाभर तरी जमिनीवर आली नसती. साऱ्या कारागिरांना गाठून गाठून सांगितलं असतं.

“आणखी कुठले शब्द होते त्यांचे? माहेरचे?” बाईंनी उत्सुकतेने विचारलं.

“होते की. पुष्कळ होते.”

तो सांगायला गेला आणि अडला. ब्रश तसाच भिंतीला टेकून राहिला. रंगाचा एक ओघळ खाली उतरला. ती बोलायची आणि तो वरून ‘हं, हं’ करायचा. तिचा आवाज आठवत होता, चिडल्यावर तो कसा चढायचा तेही आठवत होतं. शब्द मात्र एकही हाताला लागेना.

“आठवले की सांगा,” बाई हळूच म्हणाल्या.

त्याने ओघळ पुसला आणि कोपरा पुरा केला. उतरल्यावर बाईंनी त्याच्यासाठी चहा टाकला. तो त्याने उभ्याउभ्याच घेतला.

घरी आल्यावर त्याने भात चढवला. पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता तो थांबला. याला ती वेगळंच काहीतरी म्हणायची. नक्की म्हणायची. त्याने परगावी असलेल्या मुलाला फोन लावला.

“तुझी आई झाकणाला काय म्हणायची रे?”

“झाकणच ना? का हो बाबा, काय झालं?”

“काही नाही. सहज विचारलं. जेवलास?”

“अजून ऑफिसातच आहे. तुम्ही जेवून घ्या.”

फोन ठेवल्यावर त्याने भाताखालचा गॅस बारीक केला. मग फळीवरची तिची भांडी एकेक करून खाली घेतली. प्रत्येक भांडं दोन्ही हातांत धरून तो तिचा शब्द आठवून पाही, आणि ते होतं तिथे ठेवून देई.