मागच्या भिंतीचा ओळंबा

मित्रांनो, मला उभं राहता येत नाही आणि बसताही येत नाही. मला फक्त लोंबता येतं. पण मी लोंबायला लागलो की भल्याभल्या भिंतींना आपली चूक कबूल करावी लागते. मी एक जुना पितळी ओळंबा आहे. सध्या माझा मुक्काम कुमाऊंच्या डोंगरात, बांजधार गावातल्या एका भिंतीच्या कोनाड्यात आहे. त्या भिंतीला ना छप्पर, ना शेजारच्या भिंती. ती आणि मी, आम्ही दोघंच.

माझा जन्म अल्मोड्याच्या बाजारात एका तांबटाच्या दुकानात झाला. कुणाच्या तरी लग्नातली घागर फुटली होती, तिच्या पितळेतून मी झालो. तांबटाने मला इतकं घासलं, इतकं चमकवलं की मला वाटलं, आपण नक्की कुणाच्या तरी गळ्यात जाणार. आणि आलो एका गवंड्याच्या हातात! जोगाराम तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याने मला दोरी बांधली, दुकानाच्या दारात धरलं आणि म्हणाला, "कका, तुमची चौकट वाकडी आहे."

"ओळंबा घ्यायला आलास की माझ्या चौकटीला स्थळ बघायला?" तांबट खेकसला. पण जोगाराम गेल्यावर त्याने एक डोळा मिटून चौकटीकडे पाहिलं असणार. मी पैज लावतो.

पुढची तीस-बत्तीस वर्षं आम्ही दोघांनी सगळा डोंगर पालथा घातला. घरं बांधली, गोठे बांधले, झऱ्यावरचा नौला, म्हणजे दगडी पाणवठा, नवा केला. जोगाराम प्रत्येक थरानंतर मला सोडायचा, मी डोलायचो, थांबायचो, आणि तो मान हलवायचा. आमच्या बोलण्याला एवढंच पुरे असे. बांधकाम चालू असेपर्यंत जोगाराम घरातल्या चुलीच्या जागेपर्यंत जायचा. एकदा घराची पूजा झाली की मात्र त्याला चहा मिळायचा तो अंगणात, वेगळ्या पेल्यात, आणि पेला त्यानेच धुवून ठेवायचा. रीतच तशी होती. मी त्याच्या खिशात असायचो, म्हणून मला माहीत की चहा पिताना तो बाहेरून भिंत चाचपायचा.

अशात गावाने शाळा बांधायची ठरवली. जागा उतारावरची, माती भुसभुशीत, पण गावात सपाट म्हणावी अशी दुसरी जागाच नव्हती. बायकांनी रांग लावून खाणीतून दगड आणले. कोपऱ्यात मी बोटभर फरक दाखवला, तर जोगारामाने दिवसभराचं काम उतरवून टाकलं.

"काय रे जोगिया, शाळा बांधतोस की देवीचं देऊळ?" लोक हसले.

"देवळात मला कोण घेतंय?" तो म्हणाला. "शाळेत माझा पोरगा बसणार आहे."

तीन भिंती मी काटेकोर सरळ करून घेतल्या. चौथी होती मागची, डोंगराला लागून असलेली. ती जोगाराम मुद्दाम डोंगराकडे झुकवत नेऊ लागला. वरून मला सोडलं की दोरी वर भिंतीपासून वीतभर लांब, आणि खाली मी भिंतीला टेकायला आलेलो. मित्रांनो, मला फार राग आला. आयुष्यभर सरळपणा शिकवला आणि हा माझ्यादेखत वाकडं बांधतोय! मी दिसतो भोवऱ्यासारखा, म्हणून तो मला लट्टू म्हणायचा. माझी दोरी गुंडाळत तो म्हणाला, "गप रे लट्टू. ही भिंत डोंगराला पाठ लावून बसणार आहे. हिला ताठ बसून कसं चालेल?" मला पटलं नाही. त्याने भिंतीत पाणी निघायला भोकंही ठेवली, तीही मला आवडली नव्हती.

शाळा झाली. त्याने बांधलेल्या सगळ्या इमारतींत ही एकच अशी, की जिच्या आत तो पूजेनंतरही गेला. मुलगा पहिलीत बसला त्या दिवशी जोगाराम मागच्या भिंतीला टेकून तासभर नुसता बसून होता. गुरुजींनीही त्याला ऊठ म्हटलं नाही.

मग दिवस बदलले. सिमेंट आलं, खांब आले, पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी आली. मी खुंटीवर गेलो. जोगारामाचा मुलगा हल्द्वानीला गेला, बायको देवाघरी गेली. गावातून एकेक घर कुलूप लावून खाली उतरलं. शाळेत चाळीस मुलं होती, ती नऊ झाली, मग दोन, आणि ती दोन भावंडंही गेल्यावर शाळेला कुलूप लागलं. सोळा वर्षं मी खुंटीवर होतो. सोळा वर्षं मला कुणी काही विचारलं नाही. कोळ्याने माझ्या दोरीला जाळं बांधलं, तेव्हा खरं सांगतो, मला बरं वाटलं. कुणाच्या तरी उपयोगाला आलो.

त्यात खाली रस्त्यासाठी डोंगर कापला आणि उतार हळूहळू सरकायला लागला. शाळेच्या पुढच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. शाळेच्या अंगणाच्या बरोबर खाली भागुलीदीचं घर आहे. भागुलीदी शाळेत मुलांचं जेवण रांधायची. पन्नाशीची बाई, एकटी राहते, जोडीला एक गाय आणि एक तिखट जीभ. तिचं घरही आम्हीच बांधलेलं, तिच्या सासऱ्याच्या वेळी. शाळा कोसळली तर तिच्यावरच येणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

चैत्रात एक तरुण इंजिनिअर आले, ललित साह नावाचे. हातात आदेशाचा कागद. पावसाच्या आत संपूर्ण इमारत पाडायची.

"रस्त्यावर मशीन उभं करतो, तारेने ओढतो. दोन तासांचं काम," ते म्हणाले.

"आणि मी दोन तास कुठे जाऊ? झाडावर?" भागुलीदीने विचारलं.

जोगाराम तडक घरी आला आणि त्याने मला खुंटीवरून काढलं. दोरीवरचं कोळ्याचं जाळं पुसलं आणि मला शाळेकडे नेलं. त्याने पुढच्या भिंतीवर मला सोडलं. चार बोटं बाहेर! माझी सरळ भिंत, माझ्या अभिमानाची भिंत, चार बोटं बाहेर कललेली. मग त्याने मागच्या भिंतीवर सोडलं. वर वीतभर, खाली टेकायला आलेलो. चाळीस वर्षांपूर्वी होतं तसंच. हरभऱ्याएवढाही फरक नाही.

"साहेब, ही भिंत हललेली नाही," जोगाराम म्हणाला. "हिने डोंगर धरून ठेवलाय. बाकीचं उतरवू या, पण वरून खाली, हाताने, एकेक थर. आधी वरचं पाणी बाजूला काढायचं. आणि ही भिंत छातीएवढी ठेवायची."

"मिस्त्रीजी, आदेशात 'संपूर्ण' लिहिलंय."

"भिंत गेली की डोंगर खाली येईल. तो मग कुणाच्या आदेशाने वर नेणार?"

साहेब भिंतीजवळ गेले. मग त्यांनी स्वतः माझी दोरी धरली, मला सोडलं, आणि मी थांबेपर्यंत वाट पाहिली. वाट पाहणारा माणूस मला आवडतो. "ठीक आहे," ते म्हणाले, "पण भेग एक बोट वाढली तरी मी मशीन आणीन."

बातमी गेली तशी दिल्ली, हल्द्वानी, रुद्रपूरहून पंधरा-सतरा जण आले. शाळेत शिकलेले, आता टक्कल पडलेले. कित्येक वर्षांनी गावात हसणं ऐकू आलं. भागुलीदीने नाचणीच्या भाकऱ्या आणि भांगेच्या बियांची चटणी केली. पोटं सुटलेली ती पोरं 'दीदी, अजून एक' म्हणत ताटं पुढे करत होती. शाळा पाडायला का होईना, माणसं आली. मला तर तो सणच वाटला, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

मला काम मिळालं पहाऱ्याचं. जोगारामाने अंगणाच्या बाहेरच्या काठावर तीन काठ्यांची तिवई उभी केली, त्यात मला टांगलं, आणि माझ्या टोकाखाली जमिनीत एक खुंटी ठोकून तिच्यावर खिळा मारला. वारा लागू नये म्हणून माझ्याभोवती तळ कापलेला तेलाचा डबा, बघायला त्याला एका बाजूने खिडकी. "भागुली," तो म्हणाला, "चहा आणशील तेव्हा बघायचं. टोक खिळ्यावर, तर सगळं ठीक."

पहिल्या दिवशी छपराच्या दगडी पाट्या उतरल्या. आमच्याकडे छप्पर उतरवलं की पाट्या अंगणाच्या बाहेरच्या काठावर उभ्या रचायच्या, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. आतली जागा मोकळी राहते, पाट्या फुटत नाहीत, दिसतातही छान. पोरांनी रांगेने पाट्या दिल्या, आणि रचल्या कुणी? जोगारामाने! ज्याने साऱ्या बारकाव्यांची योजना केली, त्याचेच हात सवयीने ते ओझं नेऊन सरकत्या अंगणाच्या काठावर, भागुलीदीच्या डोक्यावर रचत होते. दुपारपर्यंत तीन रांगा झाल्या.

आणि माझं टोक खिळ्यावरून सरकलं.

मित्रांनो, त्या दुपारी मला जेवढं एकटं वाटलं तेवढं सोळा वर्षांत वाटलं नव्हतं. पाच हातांवर जोगाराम गुणगुणत काम करतोय, भोवती सतरा माणसं हसताहेत, आणि जमीन कलते आहे हे एकट्या मला माहीत. मला खोटं बोलता येत नाही, पण ओरडताही येत नाही. मी नुसता लोंबत राहिलो आणि चहाची वाट पाहिली.

भागुलीदी आली. किटली खाली ठेवली, डब्याच्या खिडकीत डोकावली.

"ओ जोगदा, तुमचा लट्टू खिळ्यावर नाही."

"वाऱ्याने असेल, दीदी!" कुणीतरी ओरडलं.

"डब्यात कुठला वारा रे? तुझ्या डोक्यात असेल!"

जोगाराम आला, वाकला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाट्यांच्या रांगांकडे, मग स्वतःच्या हातांकडे. "माझीच चूक," तो सर्वांदेखत म्हणाला. "गाय सोड, भागुली, आणि घरातून वर ये. पोरांनो, सगळ्या पाट्या उचला. डोंगराच्या धारेपलीकडे, खडकावर. पळायचं नाही, पाय आपटायचे नाहीत, एका वेळी तिघांनीच काठावर जायचं."

सूर्य मावळेपर्यंत ते काम चाललं. कुणी हसलं नाही. शेवटची पाटी गेल्यावर जोगारामाने मला सोडवून खिशात घातलं. सकाळी पाहिलं तर अंगणाचा काठ सहा हात लांब तुटून खाली गेला होता. रिकामा गोठा दबला. घर वाचलं. पाट्या तिथे असत्या तर घरही दबलं असतं.

सहा दिवसांनी शाळा उतरली. उरली ती फक्त मागची भिंत, छातीएवढी. साहेबांनी कागदावर 'संपूर्ण' खोडून स्वतःची सही केली. त्या संध्याकाळी भागुलीदीने आपल्या दारातून हाक मारली, "जोगदा, आत या. बाहेर चहा गार होतो."

जोगाराम उंबऱ्याशी थांबला. "इथेच बरा आहे मी."

"माझं घर राखलंत, आणि त्यात बसायला लाजता? या म्हणते ना!"

तो आत गेला. पेला तिने धुतला. मी खिशात होतो. चाळीस वर्षांनी त्याने ती भिंत आतल्या बाजूने चाचपली, आणि मग म्हातारा डोळे पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी सगळे गेले. जोगारामालाही मुलगा हल्द्वानीला घेऊन गेला. जायच्या आधी त्याने मला मागच्या भिंतीतल्या उभट कोनाड्यात टांगलं, जिथे पूर्वी खडू असायचे, आणि माझ्या टोकाखाली खिळा मारला. "हिला वाकडी म्हणायचास ना? आता सांभाळ तिला," तो म्हणाला. तेव्हापासून भागुलीदी रोज नौल्याचं पाणी नेताना थांबते, डोकावते, "आहेस ना जागेवर?" म्हणते आणि जाते. माझ्या दिवसभरात एवढीच सोबत.

काल ती जरा जास्त वेळ उभी राहिली. तिचा दिल्लीत असलेला मुलगा दसऱ्यानंतर तिला तिकडे नेणार आहे. गायही विकली. "मी गेल्यावर तुला कोण विचारणार रे?" ती म्हणाली आणि पदराने माझ्यावरची धूळ पुसली. खाली कुणी राहणार नसेल, तर मी पहारा कुणासाठी करू, हे मला कळत नाही.

मित्रांनो, भिंती एकदम पडत नाहीत. आधी त्या अगदी थोड्या कलतात, कुणाला ऐकू न जाता. माणसंही तशीच. तुमच्या घराच्या भिंतीकडे, आणि घरातल्या गप्प बसणाऱ्या माणसाकडे, दिवसातून एकदा नीट बघत जा. आणि कधी बांजधारला आलात, तर या कोनाड्यात डोकावा. माझं टोक अजून खिळ्यावर आहे. फक्त कुणीतरी विचारायला हवं.