दोनशे चौदावी ओळ

नगरपालिकेच्या अंगणात त्या सोमवारी सकाळी दोनशेच्या वर माणसं उन्हात ताटकळत उभी होती, आणि सगळ्यांच्या माना खिडकीतून आतल्या एका संगणकाकडे वळलेल्या होत्या. त्या यंत्रासमोर केळीच्या पानावर बिनमिठाचा भात, उकडलेली काळी कोंबडी आणि रमची बाटली मांडली होती. आणि त्याच्यापुढे मांडी घालून मानोंग इयानो पाण्याच्या बशीत मेणबत्तीचं मेण थेंब थेंब सोडत होता.

इयानो, ज्याला सगळे मानानं मानोंग, म्हणजे दादा, म्हणायचे, हा बेटावरच्या सांता फिलोमेना गावातला नामांकित मांत्रिक. कुणाला पोटदुखी झाली, कुणाची म्हैस आटली, कुणाचा नवरा दुसरीकडे रमला, की लोक आधी त्याच्याकडे जायचे आणि मग, फारच वेळ उरला तर, डॉक्टरकडे. संगणकावर उपचार करायची मात्र त्याची ही पहिलीच वेळ होती. पण तो जराही बुजला नव्हता. अज्ञान आणि आत्मविश्वास एकाच घरात राहत असले की माणसाला बुजायचं कारणच उरत नाही.

यंत्राचं दुखणं असं होतं. वादळाचा इशारा आला की सहाशेवीस होडीमालकांच्या फोनवर संदेश धाडायचा, एवढंच त्याचं काम. तीन आठवड्यांपूर्वी राजधानीतल्या एका ठेकेदाराकडून नवा प्रोग्राम आणला, आणि तेव्हापासून पहिल्या दोनशेतेरा जणांना संदेश गेला की गाडी अडायची. ना चूक झाल्याची सूचना, ना खूण. नुसतं मुकं व्हायचं. आपत्ती कार्यालयातली एकुलती एक संगणकवाली जोवेलिन कातालबास हिने तारा बदलल्या, सिमकार्डं बदलली, यंत्र शंभरदा बंद करून चालू केलं. काही उपयोग झाला नाही. तिचे साहेब, इंजिनियर गेल्वेझोन, यांनीच तो प्रोग्राम पसंत केला होता. तो सदोष निघाला तर त्यांचं नाक कापलं जाणार होतं. दोष भुताखेतांचा निघाला तर कुणाचंच काही जात नव्हतं. म्हणून त्यांनी इयानोला बोलावलं.

"ही तार कुठून आली?" इयानोनं डोळे मिटून विचारलं. "जमिनीतून. जमीन कुणाची? तामावोंची. तुम्ही खणलंत, त्यांना विचारलंत?"

कुणीच विचारलं नव्हतं. झाडाझुडपांतल्या त्या गोऱ्या, केसाळ देवमाणसांची परवानगी घ्यावी असं वीजमंडळाच्या माणसांना सुचलं नव्हतं. अंगणातल्या माना पश्चात्तापानं हलल्या.

मग त्यानं बशीतलं मेण न्याहाळलं. बाई दिसतेय, म्हणाला. म्हातारी. नवरा गेलेला. दारात मासळी वाळत घातलेली. यंत्र निर्मळ असतं, त्याला माणसाच्या आतलं दिसतं, आणि तिच्या नावाशी आलं की ते भिऊन थांबतं. त्यानं यादी मागवली, बोट फिरवलं आणि ते बरोबर दोनशे चौदाव्या ओळीवर टेकवलं. सोलेदाद नुन्याल.

अंगणातून एकच सुस्कारा उमटला. तासभर आधी हाच इयानो साहेबांच्या खोलीत कॉफी पीत तीच यादी चाळत होता आणि गाडी नेमकी कुठं अडते ते विचारत होता, हे जोवेलिनला माहीत होतं. पण तिची जीभ रेटली नाही.

"काढून टाक ते नाव, इंदाय," पोरीला हाक मारायच्या तिथल्या शब्दानं साहेब जोवेलिनला म्हणाले.

तिनं काढलं. तिच्याच बोटानं. आणि यंत्र खरोखर सुटलं. दोनशे चौदा, तीनशे, साडेतीनशे. तीनशेअठ्ठ्याऐंशीवर पुन्हा अडलं, तेव्हा इयानो शांतपणे म्हणाला की दुसरीही आहे. ते नाव कधीच मनिलाला निघून गेलेल्या एका कुटुंबाचं होतं. तेही काढलं. मग सहाशेअठरा संदेश सुरळीत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडीलधाऱ्याला मान द्यायच्या तिथल्या रिवाजानं साहेबांनी इयानोचा हात आपल्या कपाळाला लावला. कोंबडी आणि रम अर्थातच देवमाणसांनी खाल्ली नाही. ती इयानोच्या पिशवीतून घरी गेली.

मनिलाच्या कुटुंबाला काही कळलंही नाही. गाव जिला मानांग, म्हणजे थोरली ताई, म्हणायचं त्या सोलेदादला मात्र संध्याकाळच्या आत कळलं. त्या बेटावर आस्वांग हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. दिवसा शेजारीण, रात्री माणसाचं काळीज खाणारी, अशी ती चेटकीण. शब्द न उच्चारताच माणसं काय ते समजतात. दुसऱ्या दिवसापासून बाजारात तिच्या सुक्या मासळीला गिऱ्हाईक उरलं नाही. शेजारच्या घरांच्या खिडक्यांत लसणाच्या माळा लागल्या. एका गरोदर बाईच्या सासूनं तिच्या अंगणात मीठ फेकलं. साठ वर्षं ज्या बाईनं गावातल्या प्रत्येक मयताला कॉफी उकळून दिली, तिच्याविषयी गावाला आता संगणकाची साक्ष मिळाली होती. आजवर नुसती कुजबुज असायची. आता पुरावा होता.

जोवेलिन मानांगच्या ओट्यासमोरून जाताना एकदा मानांगनं तिला हाक मारली होती. जोवेलिननं ऐकू न आल्यासारखं केलं आणि पाय उचलले. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टी अंगात कुठंतरी मुरलेल्या असतात. संगणकशास्त्राच्या पदवीनं त्या धुऊन निघत नाहीत. याची तिला पुढं फार लाज वाटली.

अकरा दिवसांनी ईशान्येचा वारा सुटला. यंत्रानं सहाशेअठरा जणांना इशारा दिला. सगळ्या होड्या किनाऱ्याला ओढल्या गेल्या, एक सोडून. सोलेदादची होडी तिच्या नावावर होती आणि तिचं नाव यादीत नव्हतं. तिच्या मुलाला, निल्दोला, कुणी तोंडी सांगावं तर त्या घराशी कुणी बोलत नव्हतं. तो पहाटे नेहमीसारखा निघून गेला. चौदा तास तो उलटलेल्या होडीच्या तोलाच्या बांबूला धरून लाटांत होता. शेजारच्या बेटावरच्या मासेमाऱ्यांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हाताचं हाड मोडलेलं होतं आणि त्या बांबूखेरीज होडीचं काहीच उरलं नव्हतं.

यावर गाव शहाणं झालं असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं गावं पाहिलेली नाहीत. इयानो म्हणाला, समुद्रसुद्धा आस्वांगचं पोर पोटात ठेवून घेत नाही, बघा. लोकांना ते पटलं. निल्दो मेला असता तर तोही पुरावाच ठरला असता.

जोवेलिन इस्पितळात गेली. मानांग सोलेदाद मुलाच्या उशाशी बसली होती. तिनं जोवेलिनला शिव्या दिल्या नाहीत, की रडली नाही. फक्त विचारलं, "इंदाय, तू शिकलेली आहेस. खरं सांग. त्या यंत्राला माझ्यात काय दिसलं?"

जोवेलिन तडक कार्यालयात आली आणि जगभरचे प्रोग्राम लिहिणारे लोक जिथं एकमेकांच्या अडचणी सोडवतात त्या संकेतस्थळावर तिनं प्रश्न टाकला. आमचा प्रोग्राम दोनशे चौदाव्या नावावर थांबतो, ते नाव काढलं की चालतो, कृपया तातडीनं मदत करा.

पहिली उत्तरं म्हणजे चपराकी होत्या. कुणी लिहिलं, 'थांबतो' हे दुखण्याचं नाव नव्हे. कुणी लिहिलं, प्रोग्राम दाखवल्याशिवाय आम्ही काय मेणबत्त्या लावून ओळखायचं? तिला दोन मिनिटं रडू आलं आणि मग हसू. मेणबत्त्या लावून ओळखणारा माणूस तिच्या गावात होता, आणि सगळं गाव त्याच्या पाया पडत होतं. इथं मात्र एकही जण न बघता बोलायला तयार नव्हता.

तिनं प्रोग्राम दाखवला. तासाभरात 'करडा बगळा' असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी लिहिलं: 'प्रोग्राममध्ये एक ओळ आहे, चूक झाली तर काही न बोलता थांब. ती आधी काढ. लपवलेली चूक कुणालाच सापडत नाही. मग ते नाव घे. नाव तेच ठेवून फोन नंबर बदल. नंबर तोच ठेवून नाव बदल. यादीत सगळ्यात वर नेऊन बघ. एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि दर वेळी काय झालं ते लिहून ठेव.'

दुसऱ्या दिवशी साहेब जेवायला गेले तेव्हा ती बसली. फोन नंबर बदलला, यंत्र अडलं. ओळ सगळ्यात वर नेली, पहिल्याच नावावर अडलं. सोलेदादऐवजी मारिया नुन्याल लिहिलं, अडलं. सोलेदाद तशीच ठेवून आडनाव क्रूझ केलं, आणि सुटलं. म्हणजे बाईत काही नव्हतं, आडनावात होतं. मग रोमन लिपीतल्या त्या आडनावातलं एकेक अक्षर गाळत ती निघाली. तिसऱ्या अक्षराशी उलगडा झाला. डोक्यावर लाटेसारखी रेघ असलेला तो 'एन', ज्याला सगळे एन्ये म्हणतात. मनिलाच्या कुटुंबाच्या आडनावातही तो होता. बाकीच्या यादीत कुठंच नव्हता, कारण ती दोनच नावं जुन्या कारकुनानं रेघ निगुतीनं काढून लिहिली होती आणि नवा आळशी होता, सगळीकडे साधा एनच मारायचा.

चूक लपवणारी ओळ काढल्यापासून यंत्र जे पुटपुटत होतं त्याचा अर्थही आता लागला: हे अक्षर मला वाचता येत नाही. बगळ्यानं कारण सांगितलं. यादी जुन्या लिपीसंकेतात साठवलेली, प्रोग्राम नव्या संकेतात वाचणारा. साध्या अक्षरांना दोन्हींत एकच आकडा, रेघेच्या अक्षराला वेगळा. प्रोग्रामला जुना संकेत सांगणारी एक ओळ घातली की झालं. बगळ्याचं गाव, वय, धर्म काय होता ते जोवेलिनला आजही माहीत नाही. त्यानंही तिला विचारलं नाही.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की प्रोग्राम होता तसा परत करून ठेव आणि हे कुठं बोलू नकोस, लोकांच्या भावना असतात. निल्दोच्या मोडक्या हाताविषयी साहेबांच्या भावना काय होत्या ते त्यांनी सांगितलं नाही.

पण पुढच्याच आठवड्यात यंत्र पुन्हा अडलं. मेयरांच्या थोरल्या बहिणीनं दोन नव्या होड्या घेतल्या होत्या, आणि मेयरांची बहीण म्हणून आळशी कारकुनानंही तिचं इबान्येझ हे आडनाव रेघेसकट लिहिलं होतं. पुन्हा गर्दी, पुन्हा काळी कोंबडी. या वेळी मात्र मेयर स्वतः हजर होते. इयानोनं बशीतल्या मेणाकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, मेयरांकडे पाहिलं, आणि त्याला एकाएकी खोकला आला. मग तो म्हणाला की आज मेण स्पष्ट नाही. यंत्रच विटाळलंय. आज ते खोटं बोलतंय.

"मागच्या खेपेला मात्र खरं बोलत होतं?" जोवेलिननं विचारलं.

साहेबांनी तिला डोळ्यांनी दटावलं. पण मेयरांना आज पहिल्यांदाच दुसरी बाजू ऐकायची उत्सुकता वाटत होती. गरीब म्हातारीवर आळ आला तेव्हा त्यांना ती वाटली नव्हती. ते म्हणाले, बोलू द्या तिला.

जोवेलिननं पडदा अंगणाकडे वळवला आणि इयानोला विचारलं की आपलं नाव यादीत घातलं तर चालेल का. निर्मळ माणसाला कसली भीती, असं म्हणून तो पुढं सरसावला. आळशी कारकुनानं त्याचं पूर्ण नाव टाइप केलं: सिप्रियानो ओर्दोनेझ. यंत्र ते नाव गिळून पुढं गेलं. लोकांनी जोरात टाळ्या पिटल्या, कुणीतरी जोवेलिनची हुर्यो केली, आणि इयानोनं हात वर करून आशीर्वाद दिला.

"मानोंग, तुमचं मतदार ओळखपत्र दाखवता?"

त्यानं आढेवेढे घेतले. मेयरांनी हात पुढं केला. ओळखपत्रावर त्याचं आडनाव होतं ओर्दोन्येझ, डोक्यावर रेघ असलेल्या एनचं. तिनं ती एक रेघ घातली. यंत्र मुकं झालं.

तिनं रेघ काढली, यंत्र चाललं. घातली, अडलं. सोलेदादचं नाव रेघेविना लिहिलं, चाललं. मेयरांच्या बहिणीचं लिहिलं, चाललं. सहाव्या खेपेला पुढच्या रांगेतली माणसं तिच्या आधीच सांगायला लागली, आता अडणार, आता चालणार. शेवटी तिनं जुना संकेत सांगणारी ती एक ओळ घातली, दोनशे चौदावं नाव होतं तसं परत ठेवलं आणि सगळी यादी सोडली. सोलेदाद नुन्याल, ओर्दोन्येझ, इबान्येझ, सगळे एका दमात पार झाले.

"मानोंग, यंत्रानं खरं सांगितलं असेल, तर तुम्हीही आस्वांग आहात," ती म्हणाली. "मी तसं म्हणत नाही. ते एक अक्षर होतं. यंत्राला वाचता आलं नाही, आणि आपल्याला वाचायचं नव्हतं. नाव मी काढलं. निल्दोचा हात माझ्यामुळे मोडला."

इयानो मागच्या दारानं गेला. या वेळी कोंबडी राहून गेली. तो आता पलीकडच्या गावात म्हशी झाडतो आणि तिथंही त्याचं बरं चाललंय. साहेबांनी ठेकेदाराला कडक पत्र लिहिलं, जणू पहिल्या दिवसापासून त्यांना तोच संशय होता. जोवेलिननं मानांग सोलेदादकडे जाऊन माफी मागितली आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, एका कागदावर तिचं आडनाव लिहून. मानांगनं कागद हातात घेतला. "एवढंच?" ती म्हणाली. मग म्हणाली, "हे मला नको सांगूस. त्यांना सांग." माफी तिनं दिली नाही, आणि जोवेलिननंही दुसऱ्यांदा मागितली नाही.

गावातले काही जण अजून म्हणतात की तरीपण काहीतरी असणारच. त्यांच्यासाठी औषध नाही. उरलेल्यांसाठी एवढंच सांगणं आहे. काही अडलं, बिघडलं, कळेनासं झालं, तर लगेच 'कुणामुळे' असं विचारू नका. त्या प्रश्नाला उत्तर द्यायला मेणबत्ती घेतलेला माणूस नेहमीच तयार असतो, आणि त्याचं बोट सहसा एकट्या, गरीब, म्हाताऱ्या बाईवरच टेकतं. 'कशामुळे' असं विचारा. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. येत नसेल तर येणाऱ्याला विचारा, आणि तो ओरडला तरी ऐकून घ्या. यात कमीपणा नाही. न तपासता शेजारणीच्या दारात मीठ फेकण्यात आहे.