एक शिंग हिरवं, एक गुलाबी

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. काळी, उंच, मधोमध दांडी असलेली. माझ्यासारख्या सायकली एके काळी गावोगाव होत्या, त्यामुळे दिसायला मी कुणी खास नाही. पण मिरवायची हौस मात्र मोठी! ती मला माझ्या मालकाने लावली.

माझे मालक पुंजाभाऊ नामपूरचे. कांद्याच्या बाजारात गोण्या शिवायचं काम करत. सकाळी मी त्यांना बाजारात नेई, आणि संध्याकाळी त्यांची लेक पल्लवी माझ्या दांडीवर बसून, घंटी वाजवून गल्ली डोक्यावर घेई. पुंजाभाऊंकडे ना शेत होतं, ना बैल. तरी पोळा आला की त्यांना चैन पडत नसे. "वर्षभर आपल्यासाठी राबते कोण? हीच ना!" असं म्हणत ते मला न्हाऊ घालत, शेजाऱ्याकडून शिंगांचा उरलेला रंग आणून माझं हॅन्डल रंगवत आणि गोंडे बांधत. त्यांची बायको कुसाबाई मला ओवाळून कॅरिअरवर पुरणपोळी ठेवी.

एका पोळ्याला रंग मध्येच संपला. डावीकडे हिरवा, उजवीकडे गुलाबी! पारावरची माणसं पोट धरून हसली. मी आपली बैलांच्या रांगेत ऐटीत उभी.

पुढे पल्लवीचं लग्न ठरलं. पाहुण्यांत लेकीची थट्टा नको, म्हणून पुंजाभाऊंनी मला हॅन्डलसकट काळीकुट्ट करून टाकलं. मला वाईट वाटलं, पण रागावले नाही. बापाचं मन मला कळत होतं.

पुंजाभाऊ गेल्यावर कुसाबाई लेकीकडे नाशिकला आल्या, द्वारका चौकाजवळ. हट्टाने मलाही घेऊन आल्या. इमारतीच्या पार्किंगमध्ये मी धूळ खात उभी राहिले. यंदा श्रावणात तिथे साफसफाई निघाली, आणि बेवारस सामानाबरोबर मलाही कुणीतरी भंगारात देऊन टाकलं.

केरूभाऊंच्या भंगार दुकानात माझ्यासारख्याच चार-पाच काळ्या सायकली भिंतीला टेकून होत्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची मोडतोड होणार होती. इतक्यात पल्लवी आणि कुसाबाई धापा टाकत आल्या.

"ताई, वडिलांची कोणती ते खात्रीने सांगा आणि खुशाल न्या," केरूभाऊ म्हणाले. "चुकून दुसऱ्याची दिली आणि तोही असाच शोधत आला, तर माझ्या डोक्यावर बसेल."

माझी कंपनीची पट्टी कधीच गळून पडलेली. घंटीही गेलेली. पल्लवीने शेजारच्या सायकलीवर हात ठेवला. "हीच वाटते."

अगं, मी इकडे आहे!

"वाटते काय म्हणतीस, पोरी?" कुसाबाई कळवळून म्हणाल्या. "नीट देख ना! बापाची वस्तू शे ती."

पल्लवी एकदम हसली आणि स्कूटीच्या किल्लीने एकेका सायकलीचं हॅन्डल खरवडू लागली. पहिलीला नुसता गंज. दुसरीलाही गंजच.

"अहो ताई, भंगार आहे ते, लॉटरीचं तिकीट नाही!" केरूभाऊ म्हणाले.

मग माझी पाळी आली. डावीकडे काळा पापुद्रा उडाला आणि आत हिरवा रंग निघाला. पल्लवीने श्वास रोखून उजवीकडे खरवडलं. गुलाबी!

"सायकलीला बैलाचा रंग?" केरूभाऊंनी डोळे विस्फारले.

"हाऊ आमना बैलच शे, भाऊ!" कुसाबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या. पल्लवीने माझं हॅन्डल घट्ट धरलं, ते घरी येईपर्यंत सोडलं नाही.

यंदाचा पोळा आमच्या पार्किंगमध्ये झाला. मला नवे टायर आले, नवी घंटी आली, कॅरिअरवर पुरणपोळी आली. शिंगांच्या रंगाचे दोन डबे काठोकाठ भरलेले होते. एकाच डब्यात सगळं हॅन्डल सहज रंगलं असतं. पण पल्लवीने डावीकडे हिरवाच लावला आणि उजवीकडे गुलाबीच.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखाद्या कोपऱ्यात माझ्यासारखं कुणी उभं असेल. त्याला काढून टाकायच्या आधी नखाने थोडं खरवडून बघा. आणि जमलंच तर चार थेंब तेल घाला. आम्हाला अजून मिरवायचं आहे!