चारूने लिहिलेला मेसेज

चारुशीलाने तो मेसेज लिहायला आख्खा आठवडा घातला होता आणि तिला त्याचा भलताच अभिमान होता. "नमस्कार. अमुक यांचा रिपोर्ट आला. निघालेला आजार: अमुक. लवकर डॉक्टरांना भेटा." बस, एवढंच. 'अमुक'च्या जागा कॉम्प्युटर भरणार आणि रिपोर्ट आला रे आला की मेसेज पेशंटच्या मोबाइलवर जाणार.

ती इंटर्न होती पुण्याच्या एका कंपनीत. दवाखान्यांनी कॉम्प्युटर कसा वापरावा, याचा सल्ला ही कंपनी देत असे. सध्याचं काम होतं एका ट्रस्टच्या दवाखान्याचं. त्याची एक शाखा अमरावतीला, दुसरी अकोल्याला, आणि दोन्हीकडचे पेशंट एकाच यंत्रणेत आणायचे होते. चारू मूर्तिजापूरची, म्हणजे बरोब्बर मधली. म्हणून तिचा साहेब केयूर याने तिला अमरावतीला आणलं. ट्रस्टच्या मंडळींना काम आवडलं तर नोकरी पक्की, असंही सांगून टाकलं.

नोकरी चारूला हवी होती, पण तिच्याहून जास्त तिच्या घराला हवी होती. वडील देवीदास टेलर. लागोपाठ नापिकी झाल्यावर खेड्यापाड्यांतली लग्नं आटोपशीर झाली, नवे कपडे शिवायला येणार कोण? दुकानातली एक मशीन विकावी लागली. आई मैना मात्र शेजारणीच्या फोनवरून दर रविवारी हसतच बोलायची. "आमचं समदं बेस आहे वं. तू तुह्या कामाकडे ध्यान दे."

मेसेजवरून केयूर आणि चारूचं चांगलंच वाजलं होतं.

"रिपोर्ट तयार आहे, एवढंच कळवू या," केयूर म्हणाला होता. "आजाराचं नाव नको."

"का नको?" चारू तडकली. "वरूडचा माणूस संत्र्याच्या तोडीची मजुरी बुडवून इथं येतो, अन् त्याला सांगता, जरा साखर वाढली आहे. घरबसल्या कळू द्या की त्याला! मी मराठी अशी सोपी लिहिते, की माझ्या आईला वाचून दाखवलं तरी एका दमात समजेल. शाळेचं तोंड पाहिलं नाही तिनं."

पोरगी खोटं बोलत नव्हती. केयूरने हात टेकले. पण एक गोष्ट त्या दोन शहाण्यांच्या डोक्यातच आली नाही. चारूने मेसेज तपासला तो मलेरिया, साखर, कावीळ असली नावं घालून. त्याहून वाईट नाव घालून पाहावं, असं तिला एकदाही वाटलं नाही.

दाखवायचा दिवस आला. अमरावतीच्या शाखेत ट्रस्टची मंडळी जमली, चहा झाला. अकोल्याचे अडकून पडलेले सगळे रिपोर्ट आज इथून एका झटक्यात जाणार होते. केयूरने मानेने खूण केली आणि चारूने बटण दाबलं.

तिच्याच हातातला फोन वाजला.

मंडळी खूश. "पाहा, इंटर्नलाही आला!" कोणीतरी टाळी दिली. केयूरला वाटलं, पोरीने नमुन्यादाखल स्वतःचा नंबर घातला असावा. "वाच ना मोठ्यानं," तो म्हणाला.

चारूने पाहिलं. नमस्कार. मैना देवीदास उंबरकर यांचा रिपोर्ट आला. निघालेला आजार: स्तनाचा कॅन्सर. लवकर डॉक्टरांना भेटा.

तिने पुन्हा वाचलं. अक्षरं तीच होती. शब्द न् शब्द तिचा स्वतःचा, तो 'नमस्कार'सुद्धा! कोणत्या तोंडाने घातला होता तो नमस्कार?

"थांबवा," ती ओरडली. "सर, बाकीचे थांबवा!"

"आता कसे थांबवणार?" केयूर गोंधळला. "सगळे गेले की." तिने फोन त्याच्या हातात दिला. त्याने वाचलं आणि तो मटकन खुर्चीत बसला. मंडळी अजून हसतच होती. अकोल्याकडच्या कुठल्या कुठल्या घरांत या घटकेला कोण कोण असले मेसेज वाचत असेल? मूर्तिजापूरची गाडी पकडायला चारू तशीच स्टेशनकडे धावली.

मैना अंगणात तूर पाखडत होती. लेकीला पाहून तिने सूप खाली ठेवलं.

"काहून आली वं अशी अचानक? नोकरी भेटली काय?"

"आई, तू अकोल्याच्या दवाखान्यात गेली होती?"

मैना चपापली. "तुले कोणं सांगतलं? म्हणून तं अमरावतीले नाई गेली मी. म्हटलं, तुले समजन, अन् तुहं काम राहून जाईन. गाठ लागत होती हाताले. नोकरी पक्की झाली की सांगणार होती."

"अन् नंबर माझा दिला?"

"मले दुसरा कोणता पाठ आहे? दवाखान्यातून कोणाले कधी फोन येते काय? लिवून ठेवतेत नुसतं."

आठवडाभर एकेक शब्द पारखणाऱ्या त्या पोरीला आता एक शब्द सापडेना. नुसताच फोन तिने पुढे केला.

मैनाने तो हातात घेतला, उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

"मले कुठं वाचता येते? तूच वाच."

चारूने वाचलं. नमस्कारापासून वाचलं, कारण मधूनच सुरुवात करायलाही जीभ वळेना. शेवटपर्यंत वाचलं.

सूप तसंच पडू देऊन मैनाने लेकीचा हात घट्ट धरला.

एका दमात समजलं होतं तिला.